सभासदांच्या संस्थेचं कार्यकारी मंडळ: नोंदवहीपासून चेंज रिपोर्टपर्यंत

संस्थेत नवीन मंडळ आलं की पहिली अडचण बँकेत येते. सहीचे नमुने बदलायला गेलं की शाखेत परिशिष्ट एकचा उतारा (न्यास नोंदणी कार्यालयातली संस्थेच्या विश्वस्तांची नोंद) मागतात, आणि उताऱ्यावर नावं असतात दोन मंडळांपूर्वीची. त्यातला एखादा विश्वस्त हयातही नसतो. निवडणूक झालेली असते, हार घालून झालेले असतात, पेपरात फोटोही आलेला असतो. पण कागदावर मंडळ बदललेलंच नसतं.

याचं मूळ बहुतेक वेळा मतदानात सापडत नाही. ते सभासद नोंदवहीत असतं. मतदार कोण हेच पक्कं नसेल तर निवडून कोण आलं यावर कुणीही हरकत घेऊ शकतो. म्हणून खालची सगळी पद्धत नोंदवहीपासून सुरू होते. उदाहरणादाखल सोलापूर शहरातलं एक वाचनालय धरू: नोंदवहीत १८० नावं, मंडळ ११ जणांचं, मुदत तीन वर्षांची. आकडे कल्पित आहेत. व्यायामशाळा असो, महिला मंडळ असो वा ज्येष्ठ नागरिक संघ, गणित तेच राहतं.

आधी कायदा कोणता ते पाहा

सोलापूर जिल्हा सहकारात मुरलेला. साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था यांच्या निवडणुका इथे गावोगाव माहीत आहेत. त्यामुळे लोक तेच नियम सगळीकडे लावतात, आणि इथेच पहिली चूक होते. सहकारी संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली येते आणि तिच्या निवडणुकीसाठी राज्याचं वेगळं निवडणूक प्राधिकरण आहे. आपल्या वाचनालयासारखी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असते, आणि महाराष्ट्रात तीच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेली असते. म्हणून अशा संस्थेकडे दोन नोंदणी क्रमांक असतात. त्यातला न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा, क्रमांक बहुधा ‘एफ’ अक्षराने सुरू होतो. तिची निवडणूक घ्यायला बाहेरून कुणी अधिकारी येत नाही. ती संस्थेनेच आपल्या घटनेप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, घ्यायची असते.

कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी हा तिसरा प्रकार. ‘संचालक’ हा शब्द कायद्याच्या भाषेत तिथला. वाचनालयाच्या मंडळाला बोलण्यात संचालक मंडळ म्हटलं तरी कागदावर घटनेतला शब्दच लिहा: कार्यकारी मंडळ, व्यवस्थापक मंडळ, नियामक मंडळ, जो असेल तो. ठरावात एक शब्द आणि घटनेत दुसरा असला की छाननीत प्रश्न निघतो.

घटनेची नक्कल समोर ठेवा

कपाटातली टंकलिखित प्रत पुरेशी नाही. सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून (धर्मादाय आयुक्तांच्या हाताखालचं) घटनेची प्रमाणित प्रत आणि परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा. कार्यालयात दाखल असलेली घटना आणि संस्थेत वापरली जाणारी घटना वेगळ्या निघाल्या तर दाखल असलेलीच खरी. मध्ये कधीतरी सभेत दुरुस्ती मंजूर झाली पण कार्यालयात गेलीच नाही, असं पुष्कळ ठिकाणी असतं.

प्रत हातात आली की या प्रश्नांची उत्तरं कलम क्रमांकासह एका कागदावर उतरवा. मंडळात किती जण? मुदत किती? मतदानाचा हक्क कोणत्या वर्गाच्या सभासदाला: आजीव, साधारण, आश्रयदाते, सगळ्यांना की काहींनाच? सर्वसाधारण सभेची सूचना किती दिवस आधी आणि कशी पोचवायची? गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, किती, आणि ती झाली नाही तर काय? पदाधिकारी सर्वसाधारण सभा निवडते की निवडून आलेलं मंडळ? मुदतीत जागा रिकामी झाली तर ती कोण भरतं? समसमान मतं पडली तर?

दोन-तीन प्रश्नांवर घटना गप्प असते. तिथे ‘आपली पद्धत अशी आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. निवडणुकीपूर्वीच्या सर्वसाधारण सभेत निवडणूक नियम मंजूर करून घ्या, किंवा घटनेत दुरुस्ती करा आणि ती कार्यालयात दाखल करा. संस्थेच्या उद्देशांनाच हात लावायचा असेल तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ कडक आहे: किमान दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव, विशेष सभेत पाच-तृतीयांश नव्हे, तीन-पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत पुन्हा तीन-पंचमांशाने कायम. हा अपूर्णांक उलटा लिहिला गेल्याने ठराव अडकतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सभासद नोंदवही: खरं काम इथे

१८६० च्या कायद्याचं कलम १५ नीट वाचलेले कार्यवाह कमी भेटतात. त्यात म्हटलंय की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, आणि त्याला सभासद म्हणून मोजताही येत नाही. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, कारण गणपूर्ती त्यावर ठरते.

आपल्या वाचनालयाचं पाहा. नोंदवहीत १८० नावं. शोध घेतल्यावर २२ जण वारलेले निघाले, १९ जणांची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेली. उरले १३९. घटनेत गणपूर्ती एक-तृतीयांश. वही न तपासता हिशोब केला तर ६० माणसं लागतात. तपासून केला तर ४७. समजा एखाद्या सभेला ५२ जण आले. वही तपासली नसेल तर सभा तहकूब झाली असती. उलटही घडतं: थकबाकीदार धरून गणपूर्ती ‘झाली’ असं लिहिलं जातं, आणि पुढे हरकतदार पावतीपुस्तक दाखवून ती मोडून काढतो.

नोंदवहीत प्रत्येक सभासदासमोर एवढं हवंच: अनुक्रमांक, पूर्ण नाव वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह, पत्ता, मोबाइल, वर्ग, प्रवेशाची तारीख, ज्या मंडळ सभेत प्रवेश मंजूर झाला तिचा ठराव क्रमांक, शेवटच्या वर्गणीची पावती क्रमांक व तारीख, सभासदाची सही. सही विसरू नका. त्याच कलम १५ मध्ये सभासद कोण हे सांगताना वर्गणीबरोबर नोंदवहीवरच्या सहीचाही उल्लेख आहे. वडिलांचं नावही मुद्दाम लिहा, कारण साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या भागात एकाच नाव-आडनावाचे दोन सभासद सहज निघतात आणि मतदानाच्या दिवशी एकाच्या जागी दुसरा सही करून जातो. आडनाव मराठीत कसं लिहायचं हेही सभासदालाच विचारा. तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली नावं प्रत्येक कारकून वेगळी लिहितो, आणि आधार कार्डावर तिसरंच रूप असतं.

नाव वगळताना घाई नको. मयत असेल तर मृत्यू दाखल्याची प्रत किंवा घरच्यांचं पत्र घ्या. मुलाबाळांकडे पुण्याला राहायला गेलेला आजीव सभासद मात्र सभासदच राहतो. पत्ता बदलला म्हणून त्याचा हक्क जात नाही, त्याला सूचना नव्या पत्त्यावर गेली पाहिजे. थकबाकीदाराला आधी पत्र द्या, भरायला मुदत द्या, त्याची पोच ठेवा. तारीख उलटल्यावर घेतलेली वर्गणी वर्गणी म्हणून जमा होईल, पण या निवडणुकीत मत मिळणार नाही, हे पत्रातच लिहा.

निवडणुकीच्या तोंडावर एका रात्रीत चाळीस नवे सभासद करणं हा जुना प्रकार आहे. त्यावर उपाय एकच: मतदानाच्या हक्कासाठी घटनेतच कट-ऑफ ठेवणं, म्हणजे मतदानाच्या दिवशी सभासदत्वाला किमान सहा महिने किंवा एक वर्ष पूर्ण झालेलं असावं. निवडणूक जाहीर झाल्यावर हा नियम आणला तर तो कुणाच्या तरी विरोधात आणल्यासारखा दिसतो. आणायचा तर आधीच्या वर्षी आणा.

मंडळ किती मोठं असावं

१८६० च्या कायद्याने संस्था स्थापन करायला सात माणसं लागतात, त्यामुळे पुष्कळ घटनांत मंडळही सातचंच लिहिलेलं असतं. सात कमी पडतात: दोन गावाला, एक आजारी, आणि सभा चार जणांवर येते. २१ म्हणजे मान राखण्यासाठी केलेलं मंडळ; त्यातले दहा वर्षभर दिसत नाहीत आणि ११ ची गणपूर्ती दर महिन्याला जमत नाही. दोनशे-अडीचशे सभासदांच्या संस्थेला ९ किंवा ११ चांगले. ११ मध्ये सहा जण आले की सभा चालते आणि कामंही वाटली जातात.

दरवर्षी एक-तृतीयांश सदस्य निवृत्त व्हावेत अशी पद्धत काही घटनांत असते. अनुभवी माणसं टिकतात हा तिचा फायदा. पण प्रत्येक वर्षी निवडणूक आणि प्रत्येक वर्षी चेंज रिपोर्ट, म्हणजे मंडळ बदलल्याचा न्यास कार्यालयाला द्यायचा अर्ज. पगारी कारकून नसलेल्या संस्थेला हे झेपत नाही. तीन वर्षांनी एकदा पूर्ण मंडळ निवडा आणि अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार यांना सलग दोन मुदतींची मर्यादा घाला, हे जास्त पेलणारं आहे.

माणसं शोधणं

निवडणुकीआधी तीन महिने तीन सभासदांची शोध समिती नेमा. अट एकच, ते स्वतः उभे राहणार नाहीत. समितीने उमेदवार ठरवायचे नाहीत. लोकांना उभं राहायला सांगायचं, आणि उभा राहणारा दुसरा कुणी असेल तर त्याला अडवायचं नाही.

कशी माणसं हवीत? ताळेबंद वाचता येणारा एक तरी. अर्ज-कागद लिहिण्याची सवय असलेला एक, निवृत्त शिक्षक किंवा कचेरीत नोकरी केलेला. इमारत, वीज, गळती पाहणारा एक. आणि जे खरोखर वाचनालयात येऊन बसतात त्यांच्यातले दोघं-तिघं: स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, विडी किंवा यंत्रमागाच्या घरातला वाचक. हे शेवटचे दोघं-तिघं नसले की मंडळ सभासदांच्या नावाने चालतं पण सभासदांना ओळखत नाही. महिलांसाठी किमान जागा ठेवायच्या असतील तर त्या घटनेत हव्यात. ‘एक-दोन बायका घेऊ’ असं म्हणून ते होत नाही. सभेची वेळ रात्री नऊची ठेवली तर निवडून आलेल्याही येत नाहीत.

एका घरातून एकच सदस्य आणि संस्थेकडून पगार घेणारा कुणी नाही, हे दोन नियम पुढची निम्मी भांडणं टाळतात.

विचारायला जाताना एक पान हातात द्या: महिन्याला दोन तासांची एक सभा, शिवाय चार-पाच तासांचं नेमून दिलेलं काम, मानधन नाही, आणि विश्वस्त म्हणून संस्थेच्या पैशाची जबाबदारी अंगावर. ‘नुसतं नाव द्या’ म्हणून आणलेला माणूस नुसतं नावच देतो.

तारीख आणि वेळापत्रक

हिशोब ३१ मार्चला मिटतात आणि लेखापरीक्षण सहा महिन्यांत व्हावं लागतं, त्यामुळे वार्षिक सर्वसाधारण सभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बसते. त्या दिवसांत आपल्याकडे नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आणि गणपती असतात. ते आठवडे सोडा. पितृपंधरवड्यातला रविवार मात्र सोयीचा, लग्नकार्यं नसल्याने सभागृह मिळतं आणि लोकही गावात असतात. सभा जानेवारीत ढकलली तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कुणी येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारची सभा ज्येष्ठ सभासदांवर अन्याय आहे. आणखी एक, बाहेरच्याला सुचणार नाही असं: शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या भागात सभासद जास्त, तिथल्या पाण्याच्या वेळेवर सभा ठेवली तर घरटी एक माणूस, बहुतेक बाईच, घरी अडकते.

सभेचा दिवस धरून मागे मोजा:

साठ दिवस आधी मंडळाची सभा. तारीख ठरवा आणि निवडणूक निर्णय अधिकारी नेमा. उमेदवार नसलेला, शक्यतो सभासदही नसलेला, वकील किंवा निवृत्त मुख्याध्यापक.
पंचावन्नाव्या दिवशी कच्ची मतदार यादी फलकावर. हरकतींना दहा दिवस.
बेचाळिसाव्या दिवशी अंतिम यादी, अधिकाऱ्याच्या सहीने. यानंतर एक नावही आत-बाहेर नाही.
चाळीस ते तीस, उमेदवारी अर्ज. अर्जावर सूचक, अनुमोदक आणि उमेदवाराची संमती, तिन्ही सह्या. सूचक-अनुमोदक अंतिम यादीतलेच हवेत.
एकोणतिसाव्या दिवशी छाननी, पंचविसाव्यापर्यंत माघार, चोविसाव्याला उमेदवारांची यादी.
एकविसाव्या दिवसापर्यंत सभेची सूचना सगळ्यांच्या हातात: विषयपत्रिका, जमाखर्च, ताळेबंद, उमेदवारांची यादी. घटनेत यापेक्षा जास्त दिवस असतील तर तितके.

सूचना पोचल्याचा पुरावा हा चेंज रिपोर्टचा कणा आहे. शहरातल्यांची सूचना-वहीत सही घ्या, बाहेरगावच्यांना स्पीड पोस्टने पाठवा आणि पावत्या यादीच्या क्रमाने चिकटवून ठेवा. व्हॉट्सॲप जरूर करा, पण घटनेत ते माध्यम लिहिलेलं नसेल तर नुसत्या त्यावर विसंबू नका.

अर्ज ११ च आले तर निवड बिनविरोध. बिनविरोध म्हणजे प्रक्रिया माफ, असं नाही. सूचना, अर्ज, छाननी, माघार, सगळं तसंच, आणि शेवटी निर्णय अधिकाऱ्याचं लेखी घोषणापत्र. चार ज्येष्ठांनी बसून यादी केली आणि सभेत टाळ्या वाजल्या, अशी ‘बिनविरोध’ निवड पहिल्या हरकतीत अडचणीत येते.

मतदान आणि मोजणी

मतपत्रिकेवर नावं मराठी वर्णक्रमाने, पॅनेलप्रमाणे नव्हे. स्थळप्रतीवर (फाडल्यावर आपल्याकडे उरणाऱ्या भागावर) क्रमांक असतो. मतपत्रिकेवर नको, नाहीतर कुणी कुणाला मत दिलं ते कळतं. मागे अधिकाऱ्याची सही. वर ठळक अक्षरांत: ‘जास्तीत जास्त ११ नावांसमोर फुली करा. ११ पेक्षा कमी चालतील, जास्त झाल्यास मतपत्रिका बाद.’ हे एक वाक्य नसल्याने सगळ्यात जास्त मतं बाद होतात. मराठी वाचायला अडखळणाऱ्या सभासदाला अधिकाऱ्यानेच नावं वाचून दाखवावीत, उमेदवाराच्या माणसाने नव्हे.

मोजताना आधी मतपत्रिका मोजा, मग मतं. समजा ११२ जणांनी मतदान केलं, पेटीतून ११२ निघाल्या, ५ बाद, १०७ वैध. १०७ गुणिले ११ म्हणजे ११७७. सगळ्या उमेदवारांची मतं अधिक न वापरलेली मतं यांची बेरीज ११७७ आलीच पाहिजे. नाही आली तर निकाल जाहीर करू नका, २५-२५ चे गठ्ठे पुन्हा मोजा. दोन माणसं वेगवेगळ्या कागदांवर रेघा मारतात आणि गठ्ठ्यागणिक ताळा घेतात, ही पद्धत बिनचूक आहे. मतपत्रिका लाखेने सील करून निर्णय अधिकाऱ्याच्या सहीने ठेवा, आणि चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत पाकीट फोडू नका.

गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून तिथेच घ्यायची सोय घटनेत असेल, तर ती सूचनेतही छापा. तहकूब सभेत विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेता येत नाही.

इतिवृत्त

इतिवृत्त कसं दिसावं, हे एका नोंदीवरून पाहा:

‘विषय क्र. ५: पुढील तीन वर्षांसाठी कार्यकारी मंडळाची निवड. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी निकालपत्र वाचून दाखवले. एकूण पात्र सभासद १३९, हजर ११४, मतदान ११२, बाद ५, वैध १०७. खालील ११ उमेदवार निवडून आल्याचे घोषित केले (नावे व मिळालेली मते). ठराव क्र. ५: वरील निकालाची ही सभा नोंद घेत आहे. सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते मंजूर.’

यात काय आहे ते पाहा: आकडे, नावं, सूचक, अनुमोदक. ‘सर्वानुमते नवीन मंडळ निवडण्यात आलं’ एवढंच लिहिलेलं इतिवृत्त निकामी असतं. पानं क्रमांक घातलेली हवीत, मधलं पान कोरं नको, व्हाइटनर तर नकोच. चूक झाली तर आडवी रेघ मारून अध्यक्षांची सही. हजेरीपटावर सह्या सभेतच घ्या, दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून नव्हे.

पहिली सभा आणि पदभार

पदाधिकारी मंडळातून निवडायचे असतील तर पहिली सभा आठवड्याच्या आत घ्या, अध्यक्ष ठरेपर्यंत ती निर्णय अधिकाऱ्यांनी चालवावी. नंतर पदभाराची यादी, दोन प्रतींत, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्यांनी: दोन्ही मूळ नोंदणी प्रमाणपत्रं, घटना, परिशिष्ट एक, इतिवृत्त-वह्या, सभासद नोंदवही, पॅन, आयकर सवलतीचे १२ए आणि ८०जीचे आदेश, मागचे लेखापरीक्षण अहवाल, चेकबुकं, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं क्रमांकांसह, ठेवींच्या पावत्या, जडवस्तू नोंदवही, किल्ल्या.

आताच्या काळात यादीत आणखी एक ओळ लागते. आयकराच्या पोर्टलवर कुणाचा मोबाइल आणि कुणाचा ईमेल आहे? जुन्या खजिनदारांचा असेल तर प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार, आणि ते नाराज होऊन गेले असतील तर विवरणपत्र अडकणार. पदभाराच्या दिवशीच नंबर बदला, आणि ईमेल संस्थेच्या नावाचा करा.

चेंज रिपोर्ट

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत परिशिष्ट तीनच्या नमुन्यात बदल अर्ज द्यायचा. शिवाय १८६० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मंडळाची यादी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत. पहिलं काम लोकांना माहीत असतं, दुसरं विसरलं जातं.

अर्जाला जोडायचं ते असं: सभेची सूचना आणि ती पोचल्याचे पुरावे, अंतिम मतदार यादी, हजेरीपट, इतिवृत्ताची प्रत, निवडणुकीचे कागद, नव्या प्रत्येक सदस्याचं संमतीपत्र, रिपोर्टिंग ट्रस्टीचं (अर्ज देणाऱ्या विश्वस्ताचं) प्रतिज्ञापत्र, जाणाऱ्यांची ना-हरकत किंवा राजीनामा, मयताचा दाखला. जाणाऱ्यांची ना-हरकत निकालाच्या दिवशी, मन मोकळं असताना मागा. दोन महिन्यांनी मागितली तर मिळेलच असं नाही.

मुदत चुकली तर विलंब माफीचा अर्ज कारणासह द्यावा लागतो. ते एकदा निभतं. खरी अडचण साखळीची: २०१८ चा अर्ज प्रलंबित, त्यावर २०२१ चा, त्यावर २०२४ चा. प्रत्येक मंडळाने पुढची सभा बोलावलेली असते, म्हणून आधीच्या मंडळाचा हक्क सिद्ध होईपर्यंत पुढच्यावर प्रश्न उरतो. अशी साखळी असेल तर नव्या मंडळाचं पहिलं काम सगळ्यात जुना अर्ज निकाली काढणं. आदेश झाला की परिशिष्ट एकला नोंद झाली का, ते उतारा काढून पाहा. बँकेत तोच उतारा न्या. शासनमान्य वाचनालय असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयालाही नवी यादी कळवा.

निवडून आल्यावर काम काय

मंडळाने पुस्तकं मोजायची नसतात, ग्रंथपालाला दिवसातून तीनदा फोन करायचा नसतो. मंडळाचं काम तीन गोष्टींत येतं: पैसा नीट ठेवणं, वर्षाचं काम ठरवून त्याचा पाठपुरावा, आणि सभासदांशी संबंध.

पैशाचं आधी. मासिक सभेत खजिनदाराने एकच पान ठेवावं: सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक, बँक पासबुकाशी ताळा, थकीत देणी. चेकवर तिघांपैकी दोघांच्या सह्या, आणि कोऱ्या चेकवर सही कधीच नाही. ठेवींबाबत सोलापुरात विशेष जपावं लागतं, कारण ओळखीच्या पतसंस्थेचा अर्धा-एक टक्का जास्त व्याजदर मोह घालतो. १९५० च्या कायद्याचं कलम ३५ न्यासाचा पैसा शेड्युल्ड बँक, पोस्टाची बचत बँक, शासनाने त्यासाठी मान्य केलेली सहकारी बँक अशा ठिकाणी ठेवायला सांगतं; पतसंस्था त्यात येत नाही. ठेव बुडाली तर ठराव करणाऱ्या विश्वस्तांना उत्तर द्यावं लागतं. तसंच जागा विकायची, किंवा बिगरशेती जागा-इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची, तर कलम ३६ ची पूर्वपरवानगी. कर्ज काढायलाही धर्मादाय आयुक्तांची मंजुरी. ‘तीन वर्षांचा करार, मग आपोआप पुढे’ असं गाळ्याच्या करारात लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

सदस्याच्याच छापखान्यात अहवाल छापायचा असेल तर त्याने सभेत तसं सांगावं, तीन दरपत्रकं मागवावीत, आणि चर्चा-मतदानाच्या वेळी त्याने बाहेर थांबावं. त्याचं बाहेर जाणं इतिवृत्तात लिहा. त्याचा दर खरोखर कमी असला तरी लिहा. त्याच्याच अब्रूचं रक्षण त्यात आहे.

कामं नावानिशी वाटा. ‘इमारत समिती’ असं लिहून कुणी गळती थांबवत नाही. ‘वरच्या मजल्याचं वॉटरप्रूफिंग: जबाबदारी अमुक, दरपत्रकं १० मेपर्यंत, काम पाऊस सुरू होण्याआधी’ असं लिहिलं की होतं. प्रत्येक सभेचा पहिला विषय मागच्या सभेतल्या अशा नोंदींचा आढावा.

सलग तीन सभा न सांगता चुकल्या की सदस्यत्व जातं असं कलम असलं तरी ते आपोआप लागू होत नाही. लेखी नोटीस द्या, म्हणणं ऐका, मग ठराव. जागा भरलीच तर उरलेल्या मुदतीपुरती, आणि त्याचाही चेंज रिपोर्ट, त्याच ९० दिवसांत.

सभासदांशी संबंध हे काम कुणाकडेच नसतं, म्हणून नोंदवही पुन्हा शिळी होते. थकबाकीदार धरून १५८ हयात सभासद, मंडळात ११ जण: प्रत्येकाकडे १४-१५ नावं द्या. ती माणसं कुठे राहतात, वर्गणी भरली का, वाचनालयात का येत नाहीत, हे वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा एप्रिलमध्ये, घरी जाऊन किंवा फोनवर विचारायचं. जुळे सोलापुरात राहायला गेलेल्याला नवी पेठेतलं वाचनालय लांब पडतं, हे फोनवर कळतं, नोंदवहीत नाही. पत्ता बदलला, कुणी वारलं, कुणाच्या घरी वाचणारं नवं माणूस आलं, ते त्याच दिवशी पेन्सिलने वहीच्या समासात, आणि पुढच्या मासिक सभेत ठरावाने शाईत.